तक्रार करणारे गिऱ्हाईक हेच दुकानाचे हितचिंतक

दुकान मोक्याच्या जागी आहे, माल चांगला आहे, दरही बाजाराला धरून आहेत. मालक सकाळी लवकर शटर उघडतो आणि रात्री उशिरा ओढतो. तरीही दोन-तीन वर्षांत गल्ला हळूहळू हलका होत जातो. असे व्यापारी बांधव आज प्रत्येक गावात आहेत. कारण विचारले तर उत्तरे ठरलेली असतात. मंदी आहे, समोर मॉल झाला, लोक मोबाइलवरून माल मागवू लागले, पोरांना ब्रँडच लागतो. ही कारणे खोटी आहेत असे आम्ही म्हणणार नाही. पण त्यांना आणखी एक प्रश्न विचारावासा वाटतो. जी जुनी गिऱ्हाइके तुटली, त्यांपैकी शेवटच्या पाच जणांनी तुटण्यापूर्वी तुम्हाला काय सांगितले होते? या प्रश्नाचे उत्तर फारच थोड्यांना देता येईल.

आपल्याकडे व्यापाराचे कौशल्य म्हणजे बोलण्याचे कौशल्य असा समज आहे. "अमक्याचा मुलगा बोलका आहे, धंदा करील," असे वडीलधारी मंडळी सहज म्हणून जातात. माल कसा दाखवावा, भाव कसा पटवावा, गिऱ्हाईक कसे अडवावे हे मुलगा वडिलांच्या शेजारी बसून शिकतो. समोरच्याचे ऐकून कसे घ्यावे हे मात्र त्याला कोणी शिकवत नाही. या लेखात आम्ही त्याच विषयाकडे व्यापारी बांधवांचे लक्ष वेधू इच्छितो.

चार आकडे

१९७० च्या दशकात अमेरिकेत सरकारच्या ग्राहक कार्यालयाने एक मोठी पाहणी करवून घेतली. माल किंवा सेवा खराब निघाल्यावर लोक काय करतात, आणि पुन्हा त्याच कंपनीकडे जातात का, हे त्यात तपासले होते. पहिला निष्कर्ष असा की, नाराज झालेल्यांपैकी बहुतेक लोक कंपनीकडे तक्रारच करत नाहीत. ते गुपचूप दुसरीकडे जातात आणि आपली नाराजी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगतात.

ज्यांचे १०० डॉलरपेक्षा जास्त नुकसान झाले होते त्यांच्याबाबतचे आकडे तर प्रत्येक दुकानदाराने लक्षात ठेवावेत असे आहेत. ज्यांनी तक्रार केलीच नाही, त्यांच्यापैकी केवळ ९ टक्के लोक पुन्हा त्याच कंपनीचा माल घ्यायला तयार होते. ज्यांनी तक्रार केली आणि तिचे निवारण झाले, त्यांच्यात हे प्रमाण ५४ टक्के होते. निवारण झटपट झाले तर ८२ टक्के.

चौथा आकडा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्यांनी तक्रार केली, पण ज्यांचे समाधान झालेच नाही, अशांपैकीही १९ टक्के लोक परत यायला तयार होते. म्हणजे गप्प राहिलेल्यांच्या दुपटीहून जास्त! त्यांना पैसे परत मिळाले नव्हते, माल बदलून मिळाला नव्हता. त्यांना आपले म्हणणे मांडायला मिळाले होते, एवढाच काय तो फरक. ऐकून घेण्याला बाजारात किंमत आहे, याचा याहून चांगला पुरावा आम्हाला माहीत नाही. आणि ऐकून घ्यायला दुकानदाराला एक पैसाही खर्च येत नाही.

दोन लाख लोकांना विचारूनही चुकले

यावर कोणी म्हणेल, मोठ्या कंपन्या तर ग्राहकांच्या पाहण्या करतच असतात, मग त्या कशा फसतात? याचे जगप्रसिद्ध उदाहरण कोका-कोलाचे आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पेप्सीने या कंपनीला बेजार केले होते. पेप्सी आपल्या जाहिरातींत दोन्ही पेये नाव झाकून लोकांना पाजत असे आणि लोकांना पेप्सीच अधिक आवडते असे दाखवत असे. कोका-कोलाने आपले पेय अधिक गोड करून नवीन चव तयार केली. सुमारे दोन लाख लोकांना ती चाखायला दिली. बहुसंख्यांनी नवी चव पसंत केली. तेव्हा २३ एप्रिल १९८५ रोजी कंपनीचे अध्यक्ष रॉबर्टो गोइझुएटा यांनी नवे पेय जाहीर केले आणि १८८६ पासून चालत आलेले जुने पेय बंद केले.

त्यानंतर जे घडले ते व्यापाराच्या शाळांमध्ये आजही शिकवले जाते. कंपनीच्या ग्राहक-दूरध्वनीवर पूर्वी रोज सुमारे ४०० फोन येत. जूनमध्ये ते १,५०० वर गेले. पत्रे आणि फोन मिळून चार लाखांवर तक्रारी जमा झाल्या. लोक जुन्या बाटल्यांचे साठे करू लागले. शेवटी ११ जुलै १९८५ रोजी, म्हणजे ७९ दिवसांनी, जुने पेय परत आणत असल्याचे कंपनीला जाहीर करावे लागले. कोका-कोला १९७७ मध्येच भारतातून गेले होते आणि १९९३ मध्ये परतले, त्यामुळे आपल्या बाजाराला या गोंधळाची झळ लागली नाही.

चूक कुठे झाली? कंपनीने लोकांना चव कोणती आवडली एवढेच विचारले. "हे नवे पेय आले आणि तुमचे जुने कायमचे बंद झाले तर चालेल का?" हा खरा प्रश्न त्या दोन लाख लोकांपुढे ठेवलाच नाही. शिवाय एक घोट चाखताना गोड चव आवडते, पण पूर्ण बाटली पिताना तीच आवडेल असे नसते. कंपनीने लहान लहान गट बसवून चर्चा केल्या होत्या, त्यांत काही जणांनी नाराजी बोलून दाखवली होती. पण मोठ्या आकड्यांपुढे त्या थोड्या लोकांचे बोलणे मागे पडले.

या प्रकरणाला दुसरीही बाजू आहे. कंपनीने फोन घेणे बंद केले नाही. फोनवरचे बोलणे वरिष्ठांपर्यंत पोहोचत राहिले आणि ७९ दिवसांत जगातल्या एका बलाढ्य कंपनीने जाहीरपणे माघार घेतली. त्या माघारीने तिचे नुकसान झाले नाही, तिचा खप उलट वाढला. आपल्याकडे मात्र शंभर रुपयांची वस्तू बदलून देताना मालकाचा अहंकार आडवा येतो.

माल घरी नेल्यावर त्याचे काय होते?

ऐकण्याचा दुसरा भाग म्हणजे गिऱ्हाईक आपला माल वापरते कसे हे समजून घेणे. केलॉग कंपनीने १९९४ मध्ये आपल्या महाराष्ट्रातच, तळोजा येथे कारखाना काढून मक्याचे पोहे, म्हणजे कॉर्नफ्लेक्स, बाजारात आणले. अमेरिकेत हे पोहे थंड दुधात टाकून कुरकुरीत खातात. आपल्या घरात सकाळी दूध तापवलेले असते आणि न्याहारी गरम लागते. गरम दुधात कॉर्नफ्लेक्स पडले की त्यांचा लगदा होतो. किंमतही सामान्य कुटुंबाला जड होती. नव्याची नवलाई संपताच खप ओसरला. पुढे कंपनीने लहान पाकिटे काढली, इथल्या जिभेला रुचतील अशा चवी आणल्या, तेव्हा कुठे तिचा जम बसू लागला.

याच्या उलट उदाहरण चीनमधील हायर या कंपनीचे आहे. १९९६ मध्ये सिचुआन प्रांतातल्या एका शेतकऱ्याने तक्रार केली की, कपडे धुण्याच्या यंत्राची पाणी सोडण्याची नळी सारखी तुंबते. कारागिराने जाऊन पाहिले तर त्या यंत्रात रताळी धुतली जात होती! नळीत माती अडकत होती. आपल्याकडचा एखादा दुकानदार असता तर म्हणाला असता, "काका, हे कपड्यांचे मशीन आहे, रताळ्यांचे नव्हे. वॉरंटी मिळणार नाही." हायरने नळी रुंद केली आणि पुढे कपडे व रताळी दोन्ही धुणारे यंत्रच बाजारात आणले. हसण्यासारख्या वाटणाऱ्या तक्रारीत त्यांना एक नवे गिऱ्हाईक दिसले.

आपल्याच देशात तामिळनाडूतील कडलूर येथे सी. के. रंगनाथन या तरुणाने १९८३ मध्ये १५ हजार रुपयांच्या भांडवलावर 'चिक' शाम्पूचा धंदा सुरू केला. शाम्पू म्हणजे श्रीमंतांची बाटली, असा तो काळ होता. त्याने लहान पुडीत शाम्पू विकला. खेड्यांत जाऊन मुलाचे केस लोकांसमोर धुऊन दाखवले. तिकडच्या स्त्रिया केसांत फुले माळतात, हे ध्यानात घेऊन मोगरा आणि गुलाबाच्या सुवासाचा शाम्पू काढला. बड्या बहुराष्ट्रीय कंपन्यांसमोर हा छोटा उद्योग उभा राहिला. गिऱ्हाइकाच्या खिशात किती पैसे आहेत आणि तिच्या केसांत काय आहे, हे त्याने जवळून पाहिले होते.

आपल्या बाजारातले चित्र

आता आपल्या गल्लीत येऊ. ईदच्या आधीचे दिवस आहेत. शिंप्याच्या दुकानात गर्दी आहे. गिऱ्हाईक सांगते, "मास्तर, मागचा कुर्ता काखेत ओढतो." मास्तर मान वर न करता म्हणतात, "एक धुणं झालं की सैल होईल." गिऱ्हाईक वाद घालत नाही. पुढच्या ईदला ते दुसऱ्या दुकानात दिसते. मास्तरांना वाटते, लोक तयार कपड्यांकडे वळले. वास्तविक माप घेताना काखेत अर्धा इंच जास्त ठेवला असता तर काम झाले असते.

गॅरेजमध्ये मोटारसायकल येते. मालक सांगू लागतो, "सकाळी पहिल्यांदा..." एवढ्यात मेकॅनिक बोलतो, "प्लग गेला असेल, ठेवून जा." त्या माणसाला सांगायचे होते की गाडी सकाळी थंड असतानाच त्रास देते, एकदा तापली की दिवसभर तक्रार नाही. या एका वाक्यात निम्मे निदान होते. ते न ऐकल्यामुळे नवा प्लग पडला, दोष तसाच राहिला, आणि दुसऱ्या दिवशी गाडी परत आली. मेकॅनिकची मजुरी बुडाली आणि नावही गेले.

बेकरीत रोज दहा जण विचारतात, "पाव आजचाच आहे ना?" नोकर दहा वेळा "हो" म्हणतो. दहा जण रोज हाच प्रश्न विचारतात, याचा अर्थ कधीतरी त्यांच्या हातात शिळा पाव पडला आहे. पाव कोणत्या वेळी भट्टीतून निघाला हे पाटीवर खडूने लिहिले तर प्रश्नही थांबेल आणि भरवसाही वाढेल. गिऱ्हाईक नेहमी तक्रारीच्या भाषेत बोलत नाही. पुष्कळदा तक्रार प्रश्नाच्या रूपाने येते.

"महाग आहे" हे वाक्य तर प्रत्येक दुकानात रोज ऐकू येते आणि दुकानदार लगेच भाव तरी कमी करतो किंवा तोंड तरी वाकडे करतो. पण या दोन शब्दांचे चार अर्थ निघतात. शेजारच्या दुकानात स्वस्त आहे, हा एक. आज खिशात तेवढे पैसे नाहीत, हा दुसरा. या दोन वस्तूंत फरक काय ते कळले नाही, हा तिसरा. आणि घासाघीस करण्याची सवय, हा चौथा. "कशाच्या मानाने महाग वाटते, भाभी?" एवढा एक प्रश्न विचारून गप्प बसले की खरा अर्थ बाहेर येतो. पहिल्याला मालाचा फरक दाखवावा लागतो, दुसऱ्याला हलक्या दरातला माल, तिसऱ्याला नीट माहिती. भाव कमी करण्याची गरज फार तर चौथ्यासाठी पडते.

भाषेचाही एक मुद्दा आहे. महाराष्ट्रातल्या आपल्या अनेक व्यापाऱ्यांच्या घरात उर्दू किंवा दखनी बोलतात, आणि गिऱ्हाईक बहुतांशी मराठी असते. खेड्यातून आलेली मावशी आपली अडचण मराठीत सांगते आणि काउंटरवरचा मुलगा घाईघाईने हिंदीत उत्तर देतो. तिला निम्मे कळते, त्यालाही निम्मेच कळलेले असते. ती संकोचाने मान हलवते आणि निघून जाते. ज्या दुकानात तिच्या भाषेत दोन शब्द विचारले जातात, तिथे ती सुनेलाही घेऊन येते. दुकानात बसणाऱ्या प्रत्येक मुलाला गिऱ्हाइकाची भाषा चांगली आली पाहिजे. कोकणात किंवा ज्यांच्या घरची भाषाच मराठी आहे त्यांना हे सांगावे लागत नाही, पण मराठवाड्यात, खानदेशात, मुंबईत याची फार गरज आहे.

'नाही'ची वही

मोठ्या कंपन्या ग्राहकांचे मन जाणण्यासाठी कोट्यवधी रुपये खर्च करतात. छोट्या दुकानदाराच्या गल्ल्यासमोर तोच ग्राहक रोज स्वतःहून उभा राहतो. त्याचे बोलणे साठवण्याची सोय तेवढी करायला हवी. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

एक, गल्ल्याजवळ उधारीच्या वहीशेजारी दुसरी एक साधी वही ठेवावी. गिऱ्हाइकाला ज्या ज्या वेळी "नाही" म्हणावे लागले, ते तिथे लिहावे. अमुक मापाची चप्पल नाही, अर्धा किलोचे पाकीट नाही, दुपारी दुकान उघडे नाही. महिन्याच्या शेवटी ती वही वाचावी. एकच गोष्ट पंधरा-वीस वेळा आली असेल तर पुढच्या खरेदीत काय आणायचे हे कोणाला विचारावे लागणार नाही.

दोन, तक्रार पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नये. माणूस रागात असतो तेव्हा पहिली दोन वाक्ये रागाची असतात, मुद्दा तिसऱ्या वाक्यात येतो. तो ऐकल्यावर आपल्या शब्दांत एकदा म्हणून दाखवावा, "म्हणजे शिलाई उसवली ती पहिल्या धुण्यात, बरोबर?" आपले म्हणणे समजले एवढे कळताच निम्मा राग उतरतो.

तीन, काउंटरवरच्या पोराला अभय द्यावे. गिऱ्हाइकाचे बरे-वाईट बोलणे पहिल्यांदा तोच ऐकतो. पण ते मालकाला सांगितले की मालक त्याच्यावरच ओरडतो. दोनदा असे झाले की तो सांगणे सोडून देतो, आणि मग सगळ्या बाजाराला कळलेली गोष्ट मालकाला मात्र कळत नाही. तक्रार घेऊन येणाऱ्या नोकराला शाबासकी मिळाली पाहिजे.

चार, जे करू असे सांगितले ते कधी करणार हेही सांगावे, आणि त्या वेळी करावे. ८२ टक्क्यांचा तो आकडा इथे आठवावा. तीच दुरुस्ती उशिरा केली तर तिचे मोल घटते.

पाच, फोन आणि व्हॉट्सअॅपवरचे बोलणे हेही दुकानातलेच बोलणे समजावे. संदेश वाचला आहे असे गिऱ्हाइकाला दिसते आणि उत्तर येत नाही, तेव्हा काउंटरवर उभे राहून मालकाने पाठ फिरवावी तसेच त्याला वाटते.

सगळेच मान्य करावे काय?

इथे कोणी विचारील की, गिऱ्हाइकाची प्रत्येक मागणी मान्य केली तर दुकान चालेल कसे? ऐकणे आणि मान्य करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वापरून झालेला कपडा परत करायला येणारे, उधारी मागे टाकून नवी मागणारे, खरेदी भावाखाली माल मागणारे लोक असतातच. त्यांना स्पष्ट आणि शांतपणे नकार द्यावा. पण कारण सांगून द्यावा, आणि पूर्ण ऐकल्यावर द्यावा. ज्यांचे समाधान झाले नाही तरी जे परतायला तयार होते, ते १९ टक्के लोक नकार पचवणारेच होते.

दुसरी काळजी अशी की, मोठ्याने बोलणाऱ्या एकाचे ऐकून सगळे दुकान बदलू नये. एकाने मागितले म्हणून पन्नास नग भरून ठेवणे म्हणजे भांडवल अडकवणे. म्हणूनच ती वही महिनाभर भरू द्यावी आणि मग निर्णय घ्यावा.

आता तो हक्कही आहे

अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी १५ मार्च १९६२ रोजी संसदेला दिलेल्या संदेशात ग्राहकाचे चार हक्क सांगितले. सुरक्षिततेचा, माहितीचा, निवडीचा आणि आपले म्हणणे ऐकले जाण्याचा. १५ मार्च हा जागतिक ग्राहक हक्क दिन म्हणून पाळला जातो तो त्यामुळेच. भारताच्या १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ऐकले जाण्याचा हक्क आला आणि त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या कायद्यातही तो कायम आहे. हा नवा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्याच वर्षीच्या नियमांप्रमाणे ऑनलाइन माल विकणाऱ्या कंपन्यांना तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात करणे बंधनकारक आहे. ग्राहकाला १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय हेल्पलाइनकडेही जाता येते.

कायद्याच्या भीतीने ऐकावे असे आम्ही म्हणत नाही. पण एवढे ध्यानात घ्यावे की, जे गिऱ्हाईक आयोगापर्यंत जाते ते बहुधा आधी दुकानात येऊन गेलेले असते. तिथे त्याचे पाच मिनिटे ऐकले गेले असते, तर वकील, तारखा आणि बदनामी यांतले काहीच झाले नसते.

मोबाइलवरून माल विकणाऱ्या बलाढ्य कंपन्यांशी भावात स्पर्धा करणे छोट्या दुकानदाराला जड जाणार, हे उघड आहे. त्यांच्याकडे गोदामे आहेत, भांडवल आहे, जाहिराती आहेत. पण त्यांच्याकडे तक्रार करायची तर आधी यंत्राशी बोलावे लागते, हे दाबा, ते दाबा करत बसावे लागते. आपल्या दुकानात मालक समोर बसलेला असतो. तो गिऱ्हाइकाला नावाने ओळखतो, त्याच्या घरात कोणाचे लग्न आहे हे त्याला माहीत असते. ही पुंजी कोणत्याही बँकेत कर्जाने मिळत नाही. व्यापारी बांधवांनी येत्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून 'नाही'ची वही सुरू करावी आणि तीस दिवसांनी घरातल्या मंडळींसह बसून ती वाचावी, एवढीच आमची विनंती आहे.